फरशीवरून पाणी चाललंय, आता काय?

पावसाळ्यात सहलीला जाऊन आलेल्या माणसांकडून एक प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकला आहे. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच असतो. ‘सकाळी निघालो तेव्हा चांगलं ऊन होतं. दुपारी आभाळ कोसळलं, रस्ता बंद पडला, फोनला रेंज नाही, पोरं रडायला लागली आणि माझे हातपाय गळाले. सगळे सांगतात, शांत राहा. पण शांत राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय?’

प्रश्न रास्त आहे. ज्याला झोप लागत नाही त्याला ‘झोप आता’ म्हणून उपयोग होत नाही. झोप ओढून आणता येत नाही. दिवा घालवता येतो, पांघरूण घेता येतं, अंग टाकता येतं, मग ती येते. शांतपणाचंही तसंच आहे. तो येईल अशी कामं करता येतात. ती कामं कोणती आणि ती का लागू पडतात, हे या प्रकरणात पाहू. मला ती पुस्तकांतून कळण्याआधी सातपुड्यातल्या एका नाल्याकाठी कळली, म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

१. एक नाला, तीन दगड

तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर आहे. समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटर उंच. शहाद्याहून निघालं की केळी-पपईच्या बागा मागे पडतात, राणीपूरनंतर चढ लागतो, काळापाणी येतं आणि मग सातपायरी घाटाची वळणं. वर यशवंत तलाव, गोरक्षनाथाचं मंदिर, सीताखाईचा कडा आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारं पाणी. अंतर जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. त्यामुळे ‘सकाळी जाऊ, संध्याकाळपर्यंत परत’ असंच प्रत्येकजण म्हणतो. आम्हीही म्हणालो होतो.

ऑगस्ट महिना होता. मी, बहीण, मेहुणे, त्यांची दोन मुलं आणि आत्या. दुपारी परत उतरताना घाटाखाली पावसाने आम्हाला गाठलं आणि एका नाल्यापाशी गाडी थांबली. नाल्यावर फरशी होती. आपल्याकडे कमी उंचीच्या, कठडे नसलेल्या पुलाला फरशी म्हणतात. सकाळी त्याच फरशीखालून पाणी खळखळत होतं. आता ते फरशीवरून चाललं होतं. चहासारखं तांबूस, मध्ये मध्ये पाचोळा आणि काटक्या घेऊन. रात्री नंदुरबार स्टेशनवरून माझी गाडी होती. मी खाली उतरलो, पाण्याकडे पाहिलं आणि मेहुण्यांना म्हणालो, ‘गुडघ्याएवढंसुद्धा नाही. पहिल्या गिअरमध्ये टाका, निघून जाऊ.’ भाची रडत होती. आत्या काहीच बोलत नव्हती.

पलीकडे एक काळीपिवळी जीप उभी होती आणि तिच्या ड्रायव्हरने इंजिन बंद करून टाकलं होतं. आमच्या बाजूला डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेतलेला एक म्हातारा पावरा आदिवासी शेळ्या घेऊन थांबला होता. त्याने मुठीएवढा एक दगड उचलला आणि पाण्याची कड डांबराला जिथे टेकत होती, बरोबर तिथे ठेवला. मग बाजूला उकिडवा बसून म्हणाला, ‘पाणी उतरी जाई. बठा.’

दहा मिनिटांनी दगड पाण्यात गेला होता. ‘चढी ऱ्हायनं,’ तो म्हणाला आणि नव्या कडेला दुसरा दगड ठेवला. भाचीचं रडणं थांबलं. ती छत्री घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसली. दुसरा दगडही बुडाला. तिसरा तिने स्वतः ठेवला.

तिसरा बुडाला नाही.

त्या अर्ध्या-पाऊण तासात आमच्यात काय बदललं, याचा मी पुढे बराच विचार केला. पाऊस तोच होता, नाला तोच होता, उलट पाणी वाढलंच होतं. तरी माझी धडधड थांबली होती. कारण ‘काय होईल?’ हा प्रश्न संपून ‘दगड कुठे आहे?’ हा प्रश्न सुरू झाला होता. पहिल्या प्रश्नाला त्या क्षणी उत्तर नसतं. दुसऱ्याला असतं, ते डोळ्यांनी दिसतं आणि दर दहा मिनिटांनी नवं मिळतं. घाबरलेल्या मनाला मोजायला काहीतरी द्या. या प्रकरणात पुढे जे येईल ते बहुतेक याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

२. भीती आधी अंगात येते

आपल्याला वाटतं, आधी मन घाबरतं आणि मग अंग थरथरतं. प्रत्यक्षात अंग फार पुढे असतं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी बसलेली असते. धोका दिसताच तिथून ॲड्रेनालिन नावाचं रसायन रक्तात उतरतं. हृदय जोरात चालतं, श्वास उथळ आणि जलद होतो, तोंड कोरडं पडतं, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. ही तयारी पळण्याची किंवा झुंजण्याची असते. समोर बिबट्या असेल तर ती उपयोगी आहे.

पण समोर नाला आहे. नाल्याशी झुंजून चालत नाही आणि त्याच्यापासून पळायचं तर तो पाठलागही करत नाही. तिथे थांबणं हेच काम असतं. शरीराने मात्र पळण्याची सगळी तयारी केलेली असते. ‘बसून काय राहायचं, काहीतरी करायला हवं’ ही जी तळमळ उठते ती तिथून येते. ‘पहिल्या गिअरमध्ये टाका’ असं मी म्हणालो, तेव्हा माझ्या बुद्धीपेक्षा ते रसायनच जास्त बोलत होतं.

त्याचा आणखी एक परिणाम आहे आणि तो जास्त घातक आहे. घाबरल्यावर नजर आणि विचार दोन्ही आक्रसतात. अंधारात बॅटरीचा झोत टाकला की झोताएवढंच दिसतं, बाजूचा खड्डा दिसत नाही, तसं. मला पलीकडचा काठ दिसत होता. पाण्यातल्या काटक्या दिसत होत्या, पण त्यांचा अर्थ डोक्यात शिरत नव्हता.

हा झोत पुन्हा रुंद कसा करायचा? इथे श्वास कामी येतो आणि तो का कामी येतो हे तुम्ही आत्ता, हे वाचता वाचता तपासू शकता. दोन बोटं मनगटावर ठेवून नाडी शोधा. सावकाश खोल श्वास घ्या, सावकाश सोडा. बहुतेकांना जाणवेल की श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना संथ होतात. मेंदूकडून हृदयाकडे जाणारा एक लांब मज्जातंतू हृदयाला लगाम घालतो आणि तो लगाम श्वास सोडताना जास्त आवळला जातो. म्हणजे सोडणं लांबवलं की लगाम जास्त वेळ आवळलेला राहतो. चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. एका श्वासाला साधारण दहा सेकंद लागतील, दहा श्वासांना दोन मिनिटांहून कमी. यात योगाभ्यासाची पूर्वतयारी लागत नाही आणि गाडीत बसल्या बसल्या जमतं. मुलांबरोबर करायचं तर त्यांना काचेवर तोंडाची वाफ सोडायला सांगा. जितकी लांब वाफ, तितकं मोठं धुकं. लांब श्वास सोडणं आपोआप होतं.

एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते, ती म्हणजे ओले कपडे. तोरणमाळच्या उंचीवर भर पावसाळ्यात भिजलेलं अंग चांगलंच काकडतं. थंडीने थरथरणारं शरीर आणि भीतीने थरथरणारं शरीर आतून जवळजवळ सारखंच वाटतं. मन त्या थरथरीचा अर्थ भीती असाच लावतं आणि भीती वाढते. आत्याने त्या दिवशी सगळ्यात आधी दोन्ही मुलांचे ओले शर्ट काढून त्यांना कोरड्या टॉवेलात गुंडाळलं आणि हातावर चिवडा ठेवला. त्या वेळी मला ते बायकी काळजीचं नेहमीचं काम वाटलं होतं. आज वाटतं की आमच्या गाडीतली सगळ्यात शहाणी कृती तीच होती. सहलीच्या पिशवीत माणशी एक कोरडा कपडा असावाच.

३. हे पाणी तासांचं की दिवसांचं?

म्हातारबाबाला पाणी उतरणार हे इतक्या खात्रीने कसं माहीत होतं? त्याने आयुष्यभर तो नाला पाहिला होता, हे तर आहेच. पण त्यामागचं कारण समजून घेणं अवघड नाही.

आधी पावसाचा हिशोब. हवामानवाले ‘५० मिलिमीटर पाऊस’ म्हणतात तेव्हा नेमकं किती पाणी? सपाट जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. आता डोंगरातला एक लहानसा नाला घ्या, ज्याला दहा चौरस किलोमीटर उतारावरचं पाणी मिळतं. त्या उतारावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५० कोटी लिटर पाणी झालं. उन्हाळ्यात गावात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा. असे पन्नास हजार टँकर. त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं, पानांवर आणि खळग्यांत अडलं असं धरलं तरी पंचवीस हजार टँकर त्या एका फरशीवरून जाणार. आणि ५० मिलिमीटर म्हणजे काही आभाळ फाटणं नव्हे. भारतीय हवामान विभाग दिवसाला ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस म्हणतो.

हे पाणी किती वेगाने येतं आणि किती वेगाने जातं, हे उतारावर ठरतं. कौलारू छपरावर सर आली की पन्हळीतून लगेच धो धो पाणी पडतं आणि सर थांबली की थोड्याच वेळात नुसते थेंब उरतात. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचे नाले असेच आहेत: आखूड, तीव्र उताराचे, खाली बेसॉल्टचा कातळ. ते चटकन चढतात आणि पाऊस थांबला की काही तासांत उतरतात. या नाल्यांचं पाणी तासांचं.

तापीचं तसं नाही. तापी म्हणजे गावभरच्या छपरांचं पाणी गोळा करणारी मोठी गटार म्हणा. वर जळगाव जिल्ह्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की सारंगखेडा आणि प्रकाशा इथल्या बॅरेजपर्यंत पाणी चढत येतं, त्या दिवशी शहाद्यात एक थेंब पडलेला नसला तरी. ते चढायला वेळ घेतं आणि उतरायलाही. हे पाणी दिवसांचं. नाल्यापाशी थांबायचं असतं. मोठ्या नदीपाशी दुसरा रस्ता किंवा मुक्काम शोधायचा असतो. अडकल्यावर स्वतःला पहिल्यांदा विचारायचा प्रश्न म्हणूनच हा: माझ्यासमोरचं पाणी तासांचं आहे की दिवसांचं?

आता यातली धोक्याची बाजू. वरच्या डोंगरात पाऊस पडत असेल आणि तुम्ही उभे आहात तिथे ऊन असेल, तरी पाणी येतं. बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे पट्टे मध्य प्रदेशावरून पश्चिमेला सरकतात तेव्हा सातपुड्याच्या दोन्ही अंगांना असा पाऊस होतो, बऱ्याचदा रात्री. २०१८ साली १७ ऑगस्टला नवापूर तालुक्यात रंगावली आणि सरपणी नद्यांना पूर आला, घरंदारं वाहून गेली, माणसं दगावली. सहलीच्या जागी हेच लहान प्रमाणात आणि काही मिनिटांत घडतं. २०२४ साली ३० जूनला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध अडकलं. एकमेकांना घट्ट धरून ते उभे होते आणि पाणी वाढतच गेलं. त्यांच्यातले पाच जण गेले. एक बाई आणि चार मुलं. ते दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांच्या मनातून ते जाणार नाही. ती माणसं बेदरकार होती असं मला कधी वाटलं नाही. रविवारी कुटुंब पाण्यात उतरतं तशी ती उतरली होती.

पाणी वाढायच्या आधी खुणा दिसतात. नितळ पाणी गढूळ होतं. पाचोळा आणि काटक्या येऊ लागतात. खळखळीचा आवाज जाड होतो, घुमायला लागतो. धबधब्याची धार रुंदावते. यातली एकही खूण दिसली की सगळ्यांनी बाहेर यायचं. फोटो काढणाऱ्यानेही, आणि त्यानेच आधी. कारण तो बहुतेक वेळा पाण्याकडे पाठ करून उभा असतो.

४. गुडघ्याएवढंसुद्धा नाही

माझं ते वाक्य मला अजून टोचतं, म्हणून त्याचा हिशोब मांडतो.

लहान कारचा तळ अंदाजे चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरा. म्हणजे सहा चौरस मीटर. तळ रस्त्यापासून साधारण १७ सेंटिमीटर वर असतो. पाणी तळाला लागून आणखी १५ सेंटिमीटर वर चढलं की गाडी किती पाणी बाजूला सारेल? सहा चौरस मीटर गुणिले ०.१५ मीटर, म्हणजे ०.९ घनमीटर, म्हणजे ९०० लिटर. त्या पाण्याचं वजन ९०० किलो आणि लहान कारचं वजनही साधारण तेवढंच. बादलीत रिकामं पातेलं तरंगतं तशी गाडी तरंगू लागते आणि चाकांची रस्त्यावरची पकड सुटते. १७ आणि १५ मिळून झाले ३२ सेंटिमीटर. गुडघा याच्या बराच वर असतो.

पायी चालणाऱ्याची गोष्ट आणखी कठीण. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट न होता चौपट होतो. तिप्पट झाला की नऊपट. त्यामुळे जोराच्या धारेत घोट्याच्या थोडं वर, १५ सेंटिमीटरभर पाणीही धडधाकट माणसाचा पाय उचलू शकतं. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की तिची कड वाहून गेली आहे, हे वरून कळायला मार्ग नाही. म्हणून नियम साधा आहे: खालची फरशी दिसत नसेल तर जायचं नाही. मोटारसायकलवाल्यांनी तर नाहीच.

५. पोहोचायचंच, ही ओढ

विमान अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार आढळली आहे. मुक्काम जसजसा जवळ येतो, तसतसं माणसाला मागे फिरणं किंवा थांबणं जड जातं. हवामान बिघडल्याचं दिसत असतं, यंत्रं सांगत असतात, तरी अनुभवी वैमानिकही ठरलेल्या धावपट्टीकडेच ओढला जातो. आपलंही तेच होतं. घर तीस किलोमीटरवर आलं की ‘आता एवढ्यासाठी काय थांबायचं’ असं वाटतं.

ही ओढ कशाने तुटते? माझा अनुभव असा की ती पाण्याच्या भीतीने तुटत नाही. उशिराची भीती गेली की तुटते. मला नाल्यात ढकलत होती ती रात्रीची रेल्वे, दुसऱ्या दिवशीची कामं आणि घरी वाट बघणारी माणसं. त्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं असतं, की आज परतलो नाही तर उद्या येऊ, तर माझ्या तोंडून ते वाक्य निघालंच नसतं. पावसाळ्यात घाटात जाताना मुक्कामाची परवानगी घरातून घेऊन निघावी, असं मी आता म्हणतो. घरच्यांना सांगावं: वरती रेंज नसते, रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर आम्ही थांबलोय असं समजा, सकाळी दहापर्यंतही आला नाही तर चौकशी सुरू करा. या तीन वाक्यांनी दोन्हीकडच्या माणसांचा जीव भांड्यात पडतो. तुम्ही थांबायला मोकळे होता आणि घरचे रात्रभर नको ते चित्र रंगवत बसत नाहीत. आजीआजोबांची औषधं एका दिवसाची जास्त घ्यावीत, तीही याच हिशोबाने.

थांबण्याची ताकद पाहायची असेल तर २०१९ चा जुलै आठवावा. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस २७ जुलैच्या पहाटे बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं होतं. गाडीत हजाराहून जास्त माणसं, त्यात गरोदर बायका, तान्ही मुलं. बाहेर अंधार, चहूकडे पाणी. रेल्वेने सांगितलं: गाडीतून उतरू नका, गाडीतच सुरक्षित आहात. लोक कित्येक तास आत बसून राहिले. मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या, नौदल आलं, आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले. कुणी बचावकार्याचं कौतुक करतं, आणि ते करायलाच हवं. मला मात्र त्या डब्यांतल्या माणसांचंही तितकंच वाटतं. रुळांवरून चालत जाऊ, असं त्या रात्री कितीजणांच्या मनात येऊन गेलं असेल.

निघायच्या सकाळी हवामान विभागाचा इशारा पाहावा, पण त्यातल्या रंगांचा अर्थ नीट समजून. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. शिवाय रंग बहुतेक वेळा पूर्ण जिल्ह्याला एकच असतो. तापीकाठचं सपाट शेत आणि अक्राणीचा डोंगर दोन्ही त्याच रंगात येतात. पिवळा दिवस नंदुरबार शहरात छत्रीचा असेल, तोच सातपायरी घाटात गाडी थांबवण्याचा असू शकतो. नारिंगी असेल तर मी तोरणमाळ पुढच्या रविवारवर टाकतो.

६. विजेचे सेकंद

वीज चमकली की मुलं कान झाकतात, मोठी माणसं दचकतात आणि सगळे गडगडाटाची वाट बघतात. त्या वाट बघण्याचा उपयोग करून घेता येतो. प्रकाश तत्क्षणी पोहोचतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने येतो, म्हणजे एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद. चमक दिसल्यापासून सेकंद मोजा आणि तीनने भागा. बारा सेकंद लागले तर वीज चार किलोमीटरवर. पुढच्या वेळी नऊ लागले तर ती जवळ येते आहे. पंधरा लागले तर दूर चालली आहे. आवाज तीस सेकंदांच्या आत आला तर उघड्यावर थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. हे मोजण्याचं काम मुलांकडे द्यावं. ज्या मुलाच्या हातात मोजणी आहे, ते पुढच्या चमकीची वाटच पाहू लागतं.

बंद काचांची, पत्र्याच्या अंगाची चारचाकी विजेपासून चांगला आसरा देते. हे टायरांच्या रबरामुळे होतं असं अनेकांना वाटतं, ते खरं नाही. वीज गाडीच्या धातूच्या कवचावरून, बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते, म्हणून आतला माणूस वाचतो. आतल्या धातूच्या भागांना हात लावू नये एवढंच. मोटारसायकलला असं कवच नसतं. एकट्या झाडाखाली, तलावाच्या काठी, कड्याच्या टोकावर उभं राहू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. पण रेंज गेली की आपले सेकंदच खरे.

७. घाट आपल्या एकट्याचा नाही

गाडी कुठे थांबवायची हाही शांतपणाचाच भाग आहे. नाल्याच्या पात्राशेजारी नको, आणि डोंगर कापून रस्ता काढला आहे त्या कापाखालीही नको. वरून बारीक खडे सुटत असतील, उतारातून मध्येच गढूळ पाण्याची धार फुटली असेल, झाड तिरकं झालं असेल, तर तिथून निघायचं. रुंद, उघड्या जागी गाडी लावा, तोंड सुरक्षित बाजूला करून. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांपैकी कशासाठीही ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७. फोन लागला तर आधी ठिकाण सांगा, कारण तो मध्येच तुटू शकतो: कुठून कुठे चाललो होतो, शेवटचं गाव कोणतं मागे पडलं.

आणि रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवा. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. तळोद्याहून धडगावला जाणाऱ्या चांदसैली घाटात २०२१ च्या सप्टेंबरात दरड कोसळली, रस्ता बंद पडला. तिथल्या एका गावातली बाई आजारी होती. गाडी येऊ शकत नव्हती, म्हणून नवऱ्याने तिला खांद्यावर घेतलं आणि तो चालत निघाला. ती वाटेतच गेली. आपल्यासाठी बंद घाट म्हणजे सहलीचा बिघडलेला एक दिवस. ज्यांची घरं त्या घाटात आहेत, त्यांच्यासाठी तो दवाखान्याचा एकमेव रस्ता असतो. अडकलेल्या पर्यटकांच्या गाड्यांची दुहेरी रांग लागली आणि जेसीबीला वर जायला जागा उरली नाही, की त्याची किंमत कोण मोजतं हे आपल्याला दिसत नाही, कारण आपण तोवर घरी पोहोचलेलो असतो.

त्या माणसांकडे पाहायलाही शिकावं. काळीपिवळीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून बसला असेल, तर तुम्हीही बंद करा. त्याला रोज जायचं असतं आणि तरी तो थांबलेला असतो. हॉर्न वाजवून पाणी उतरत नाही.

आमच्या नाल्याचं पाणी उतरायला अडीच तास लागले. आधी तिसऱ्या दगडापासून कड मागे सरकली, मग दुसऱ्याचं डोकं वर आलं. भाचीने ते सर्वांत आधी पाहिलं आणि ओरडून सांगितलं. पहिला दगड पूर्ण उघडा पडला तेव्हा सहा वाजत आले होते. माझी रेल्वे चुकणार हे नक्की झालं होतं आणि त्याचं मला आता काही वाटत नव्हतं. तरी म्हाताऱ्याने आम्हाला सोडलं नाही. हातातल्या काठीने ठोकत तो फरशीवरून अर्ध्यापर्यंत गेला, दोन्ही कडा पाहिल्या, परत आला. पलीकडची जीप आधी इकडे आली. मग त्याने आम्हाला हात केला.

मेहुण्यांनी चावी फिरवली, तसा तो पुन्हा वाकला. तीनही दगड उचलून त्याने रस्त्याच्या कडेला, गवतात ठेवले. भाचीने काचेतून विचारलं, कशाला उचलले?

‘गाडीले लागतीन,’ तो म्हणाला, आणि शेळ्यांकडे वळला.